वटवाघळं पडली तो उन्हाळा

पहिल्या बाळंतपणासाठी मी आजऱ्याहून कोल्हापूरला माहेरी आले, तेव्हा मला आठवा महिना लागला होता. एप्रिल संपत आला होता. मोटारीतून उतरले आणि चपलेतूनही जमीन भाजायला लागली. न्यायला वडील आले होते. त्यांनी आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली. टांगा मिळाला, त्याच्या घोड्याच्या डोक्यावर टांगेवाल्यानं ओलं फडकं बांधलेलं होतं.

"यंदा वळीव न्हाय, ताई," तो म्हणाला. "आभाळ बघा की, नुसतं कोरडं ठणठणीत."

कोल्हापूरला उन्हाळा सोसायची सवय नव्हती, असं आता वाटतं. आमच्या लहानपणी चार दिवस तापलं की पाचव्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून ढग यायचे, धूळ उडायची, तास-दीड तास पाऊस झोडपून जायचा आणि संध्याकाळी अंगावर शहारा यावा इतकं गार व्हायचं. त्यामुळे ऊन म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, असंच आम्ही धरून चालायचो. त्या वर्षी हा पाहुणा उठायलाच तयार नव्हता. रंकाळ्याचं पाणी इतकं खाली गेलं होतं की घाटाच्या खालच्या पायऱ्या, ज्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या, त्या शेवाळ वाळून पांढऱ्या पडल्या होत्या. गवळी सकाळी म्हशी पाण्यात घालायचे. त्या संध्याकाळपर्यंत काही केल्या बाहेर यायच्या नाहीत. दूध पातळ झालं नव्हतं, पण निम्मं झालं होतं.

आमचं घर रंकाळ्याच्या अलीकडं, पेठेतल्या एका गल्लीत होतं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, मध्ये माजघर. वडील दरबारच्या बागखात्यात कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि त्यांना पेन्शन मिळाली. घराच्या मागं एक जुनी बाग होती, म्हणजे एकेकाळी असावी. आता तिथं एक विहीर, काही चिंचा आणि एक प्रचंड वड एवढंच उरलं होतं. त्या वडावर वटवाघळं असायची. शेकड्यांनी. दिवसभर काळ्या चिंध्यांसारखी उलटी लोंबायची आणि तिन्हीसांजेला उठून पंचगंगेकडं जायची. गल्लीला त्यांचा राग होता. घाण करतात, कलकलाट करतात, अवलक्षणी असतात. झाड तोडा म्हणून गल्लीनं एकदा अर्जही केला होता आणि तो अर्ज, वडिलांच्याच टेबलावर आल्यामुळे, पुढं कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. वडील त्यावर कधी बोलत नसत. मी विचारलं तर नुसते हसायचे.

घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं, शिंपीमामांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं खोपटं. भिंतीही पत्र्याच्याच. त्याला लागून मागं त्यांची राहायची खोली. माझ्या शाळेच्या झग्यापासून लग्नातल्या चोळीपर्यंत सगळं त्यांनी शिवलेलं. काळा, किडकिडीत माणूस. डोक्यावरच्या टोपीत दोन-तीन सुया टोचलेल्या, गळ्यात टेप. मामी, म्हणजे त्यांची बायको, आत बसून काजं-बटणं करायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. मला दिवस गेल्याचं आईनं सांगितलं तेव्हा मामीनं आईच्या आधी माझी दृष्ट काढली होती.

मे महिना म्हणजे लग्नसराई. मामांना मान वर करायला सवड नसायची. त्या पत्र्याखाली ते सकाळी सहापासून बसायचे. शेजारी कोळशाची इस्त्री पेटलेली. आई रोज बारा वाजता कैरीचं पन्हं करायची आणि एक तांब्या माझ्या हाती द्यायची. "मामांना देऊन ये, डोक्यावर पदर घे." रस्ता वीस पावलांचा. पण त्या दिवसांत ती वीस पावलंही चालवत नसत. खोपटाच्या दारात पाऊल टाकलं की भट्टीचं झाकण उघडल्यासारखी वाफ तोंडावर यायची.

एका दुपारी मी पन्हं घेऊन गेले तर मामांनी कपाळाला ओला रुमाल बांधला होता.

"डोकं दुखतंय का, मामा?"

"ठणकतंय जरा. उनाचं हाय." त्यांनी हातातला झब्बा उलटा-सुलटा करून पाहिला आणि मोठ्यानं हसले. "ही बघ की गंमत. उजवी बाही डाव्या अंगाला लावलीया. तीस वर्सांत पयल्यांदा!"

"मग दुपारभर तरी आत जाऊन पडा की."

"आत तरी कुठं महाबळेश्वर हाय? आनि लगीन काय उनासाठी थांबतंय व्हय? उद्या सांजंला कापडं द्यायची हायती. परवा त्यांची हळद हाय." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तू कशाला आलीस एवढ्या उनात? जा, आडवी हो जा."

मी घरी आले. आईला उलट्या बाहीची गोष्ट हसून सांगितली. आईही हसली. डोकं ठणकणं आणि हातातलं काम चुकणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच घरात बसवेना. वारा पूर्ण पडला होता. वडिलांनी दारांना ओली गोणपाटं लावली, ती अर्ध्या तासात कोरडी खडखडीत झाली. कावळे पत्र्यांवरून उठून भिंतींच्या सावलीत, माणसांच्या पायांजवळ, चोची वासून बसले होते. हाकललं तरी उडत नव्हते. मी माजघरात फरशीवर आडवी झाले होते. पोटातलं मूल एरवी सकाळी हातपाय मारायचं, ते गप्प होतं. मला भीती वाटत होती, पण आईला कसं सांगावं कळत नव्हतं. मी पोटावर ओला पंचा ठेवून नुसती वाट पाहत होते.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून एक आवाज आला. हजार माणसं एकदम सुपानं पाखडतायत तसा. मी उठून पाहिलं. सगळा वड हलत होता. वारा नव्हता आणि झाड हलत होतं. वटवाघळं पंख पसरून स्वतःला वारा घालत होती. प्रत्येक जण. वडील माझ्या मागं येऊन उभे राहिले. खूप वेळ पाहत राहिले.

"ही लक्षणं बरी नाहीत," ते म्हणाले. "दरबारच्या बागेत एकदा असं झालं होतं. तुझ्या जन्माच्या आधी."

बाराच्या सुमारास ती शेंड्यावरून खाली यायला लागली. एरवी माणसाच्या सावलीलाही न येणारा प्राणी, तो बुंध्याजवळ, माणसाच्या हाताला लागेल इतक्या खाली, एकावर एक गोळा होऊन लटकला. कित्येक माद्यांच्या छातीला पिलं चिकटलेली होती. त्या जिभेनं आपले पंख ओले करत होत्या, मग पिलांना पंखांनी झाकून घेत होत्या. मग पहिलं वटवाघूळ पडलं. पिकलेला फणस पडावा तसा आवाज झाला. थोड्या वेळानं दुसरं. मग आवाज मोजायचं मी सोडून दिलं.

"खिडकी लाव," आई म्हणाली. "पोटुशी बाईनं असलं बघू नये."

मी हो म्हणाले आणि खिडकी लावली नाही.

वडील छत्री टाकून, डोक्याला पंचा गुंडाळून बागेत गेले. त्यांनी विहिरीतून बादली काढली आणि बुंध्यावर फेकली. साठीच्या माणसानं किती बादल्या काढाव्यात? तेवढ्यात चाचा आले. चाचा आमच्या गल्लीचे पखाली. कातड्याची मोठी पखाल रेड्याच्या पाठीवर घालून ते घरोघर पाणी द्यायचे. नळ आल्यापासून त्यांचं काम कमी झालं होतं, तरी लग्नकार्याला आणि बांधकामाला त्यांना बोलावणं असायचंच. त्यांनी रेड्याला चिंचेच्या सावलीत उभं केलं, त्याच्या पाठीवर ओलं पोतं टाकलं आणि वडाकडं पाहिलं.

"या अल्ला," एवढंच म्हणाले. मग पखालीचं तोंड सोडून ते बुंध्याभोवती पाणी उडवायला लागले.

पाणी अंगावर पडलं तशी वटवाघळं एकमेकांचं अंग चाटायला लागली. माणसांना भिऊन उडणं दूरच, ओल्या जागेकडं सरकत आली. हे पाहून गल्लीतली दोन-तीन माणसंही बादल्या घेऊन आली. आणि मग भांडण झालं. कोपऱ्यावरच्या घरातली एक बाई हंडा घेऊन विहिरीवर आली होती. ती ओरडली, "मान्सास्नी पानी न्हाय आनि वाघळांस्नी आंघोळ? हिरीचा तळ दिसायला लागलाय, दिसत न्हाय व्हय?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नळाला तासभर पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. धुण्याभांड्याला सगळ्यांची भिस्त त्याच विहिरीवर होती. वडील बादली खाली ठेवून तिला म्हणाले, "बाई, तुमचा हंडा आधी भरून देतो. पण मग मला अडवू नका."

चाचांनी तिचा हंडा भरला. "जनावर बोलत न्हाय, ताई," ते म्हणाले, "म्हणून आपल्याला वाटतं, त्याला ऊन लागत न्हाय."

बाई हंडा घेऊन गेली. थोड्या वेळानं रिकामी बादली घेऊन तीच परत आली आणि पाणी शेंदायला लागली.

मी खिडकीत उभीच होते. पाय सुजले होते, कंबर दुखत होती, पण हलवेना. आईनं पन्ह्याचा तांब्या भरून माझ्याजवळ ठेवला होता. "मामांना देऊन ये, मग हवं ते बघ." मी 'जाते' म्हणाले. तांब्या कोनाड्यात तसाच राहिला. कितीतरी वेळानं, दीड वाजून गेला असेल, मला त्याची आठवण झाली. मी तांब्या घेऊन पुढच्या दारात आले. समोर खोपटात मामा मशीनवर डोकं टेकून निजले होते. एक हात खाली लोंबत होता. मशीनवर पिवळं रेशमी कापड तसंच होतं.

मी उंबऱ्यात उभी राहिले. बाहेर रस्ता पांढरा फटक दिसत होता. मला वाटलं, बिचारे रात्र-रात्र जागून शिवतायत. आत्ता कुठं डोळा लागलाय. उठवलं तर परत कामाला बसतील. झोपू दे.

मी तांब्या घेऊन परत फिरले आणि पुन्हा मागच्या खिडकीत जाऊन उभी राहिले.

एवढंच मी केलं. सत्तर वर्षांनंतरही हे वाक्य लिहिताना मला थांबावं लागलं.

चारच्या सुमारास लग्नघरचा माणूस कपडे न्यायला आला. त्यानं दोन हाका मारल्या, मग खांद्याला हात लावला, मग तो ओरडला. गल्ली धावली. मी पुढच्या दारात आले तेव्हा मामांना चार जणांनी बाहेर आणलं होतं. त्यांचा श्वास चालला होता, पण घोरल्यासारखा, तुटक. डोळे अर्धवट उघडे होते. मामी त्यांच्या हाताला हात लावून एकदम मागं सरली.

"भाजतंय की वो," ती म्हणाली. "अंग भाजतंय. आनि घाम न्हाय. घामाचा टिपूस न्हाय."

चाचा बागेतून धावत आले. नुकतीच भरलेली पखाल रेड्याच्या पाठीवर होती, वडासाठी भरलेली. त्यांनी रेड्याला रस्त्यात आणून उभं केलं आणि ती सगळी पखाल मामांच्या अंगावर रिकामी केली. कुणी कांदा ठेचून तळपायांना चोळला. कुणी वारा घातला. वडिलांनी टांगा आणला. मामांना आडवं घालून, मामीला शेजारी बसवून, वडील दवाखान्यात घेऊन गेले.

दिवस मावळायच्या आत ते परत आले. टांग्यातून मामी उतरली तेव्हा तिला कुणी काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. तिच्या मागून वडील उतरले आणि आमच्या ओट्यावर बसले. त्यांच्या सदऱ्यावर वटवाघळांची घाण तशीच वाळलेली होती.

"डॉक्टरांनी एकच विचारलं," ते आईला म्हणाले. "असा किती वेळ पडून होता? एक तास? दोन तास? आम्हाला कुणाला सांगता येईना."

मला सांगता आलं असतं. मी भिंतीला टेकून उभी होते. मी बोलले नाही.

पुढच्या चार-पाच दिवसांचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. वडील आणि चाचांनी बागेत खड्डा खणून मेलेली वटवाघळं पुरली. टोपल्याच्या टोपल्या. काही मेलेल्या आयांच्या छातीला जिवंत पिलं चिकटून राहिली होती. वडिलांनी ती हलक्या हातानं सोडवली आणि खालच्या पारंब्यांना अडकवली. कापसाच्या वातीनं त्यांना पाण्यात कालवलेलं दूध पाजायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली काही मेलेली होती आणि काही जागेवर नव्हती. दुसऱ्या माद्या घेऊन गेल्या की मांजरानं नेली, ते सांगता येत नाही. वडील मात्र पहिलंच धरून चालले.

गल्लीत मात्र वेगळीच चर्चा होती. वाघळं पडली तिथंच अपशकुन झाला, त्यांनी मामांना नेलं, आता तरी झाड तोडा. आमच्या ओट्यावर बसून चार माणसं हे बोलत होती, तेव्हा वडील, जे आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवत नसत, उठून उभे राहिले.

"कसला अपशकुन?" ते म्हणाले. "त्यांना ज्यानं मारलं त्यानंच मामांना मारलं. ती झाडावर होती म्हणून पडलेली दिसली. माणूस पत्र्याखाली होता म्हणून दिसला नाही. आपण सगळे तिकडं बघत होतो. मीसुद्धा."

मी आत फरशीवर पडून ऐकत होते. वडील हे स्वतःला दोष देण्यासाठी बोलत होते आणि खरा दोष कुणाचा ते मला माहीत होतं.

नंतर मी या गोष्टीचा फार विचार केलाय. त्या महिन्यात आमच्या पेठेत आणखी तीन-चार माणसं गेली. एक म्हातारी, एक हमाल, एक नुकतं जन्मलेलं मूल. म्हातारीला वय झालं होतं म्हणाले. हमाल पीत होता म्हणाले. मूल अशक्तच होतं म्हणाले. मामांचंसुद्धा महिन्याभरानं लोक 'कामानं गेला' असंच सांगायला लागले. उन्हानं गेलं असं कुणाबद्दलच कुणी म्हणालं नाही. पूर आला की माणसं वाहून जाताना दिसतात, साथ आली की नाव घेता येतं. ऊन घरात शिरतं ते आवाज न करता, आणि ज्याच्या अंगात जी खोट असेल तिच्या नावावर मरण टाकून निघून जातं. झाडावरची वटवाघळं शेकड्यांनी एकदम पडली म्हणून निदान डोळ्यांत तरी भरली.

आठ दिवसांनी मी बाळंत झाले. दिवस पुरे भरायच्या आत. मुलगी लहानशी होती, पण रडली मोठ्यानं. तोवर आभाळ भरून यायला लागलं होतं आणि रात्री थोडं निवत होतं. माझे यजमान आजऱ्याहून मुलगी बघायला आले, टोपलीभर आजऱ्याचा तांदूळ आणि करवंदं घेऊन. सगळे आनंदात होते. मला मुलगी मांडीवर घेतली की समोरचं बंद खोपटं दिसायचं. आईनं पडदा लावला, तरी दिसायचंच.

मामांचं दिवसपाणी झाल्यावरही मामी आमच्याकडं आली नाही. पांढऱ्या कपाळानं बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये, असं तिनं आपलं आपणच ठरवलं होतं. शेवटी एके दुपारी आई रस्ता ओलांडून गेली आणि तिचा हात धरून तिला घेऊन आली. मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. मामी कितीतरी वेळ मुलीच्या पायाच्या बोटांकडं पाहत बसली. आई चहा टाकायला आत गेली.

तेव्हा मी बोलले. कसं बोलले आठवत नाही. पन्ह्याचा तांब्या, दीडची वेळ, लोंबणारा हात, सगळं सांगितलं. म्हणाले, "मामी, मला वाटलं निजलेत. मी उठवलं नाही."

मामीनं मान वर केली नाही. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. ती म्हणाली, "मी तर आतच होतो की गं."

मला कळलं नाही.

"दोन वाजता पानी प्यायला उठलो. मधला पडदा सारून बघितलं. डोकं टेकून पडल्यालं. म्हटलं, निजू दे. आठ दिस झालं, धड निजला न्हाय मानूस." तिनं मुलीचं दुपटं सारखं केलं. "पडदा ओढला आनि मीबी आडवी झालो. हाताच्या अंतरावर, पोरी. चार वाजेपातूर."

मग आम्ही दोघी रडलो. मुलगी दोघींच्या मध्ये होती आणि झोपली होती. आई चहा घेऊन दारात आली, आमच्याकडं पाहिलं आणि कप घेऊन परत आत गेली.

मामीनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. माफीचा शब्द आमच्यात निघालाच नाही. पण त्या दिवसापासून ते ओझं एकटीचं राहिलं नाही. ती उठताना म्हणाली, "झोपल्याल्या मानसाला उठवू नये म्हनत्यात. कोन म्हनतं कुनास ठावं." आणि गेली.

मी हे वडिलांनाही सांगितलं, मामीच्या परवानगीनं. ते ऐकून घेत राहिले. त्यांनी मला धीर दिला नाही आणि ते रागेही भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुठूनतरी बैलगाडीभर उसाचं पाचट घेऊन आले. चाचा आणि ते, दोघं म्हातारे, शिडी लावून खोपटाच्या पत्र्यावर चढले आणि हातभर जाडीचा पाचटाचा थर घालून वरून दोऱ्यांनी बांधून काढला. मामीनं मशीन पुसलं. काजं-बटणं करता-करता तिला बाकीचंही येत होतंच. पावसाळ्याच्या तोंडाशी तिनं परकर आणि झबली शिवायला घेतली. गल्लीतल्या दुसऱ्या पत्र्यांवरही हळूहळू पाचट आलं. वडावर वटवाघळं राहिली, आधीपेक्षा पुष्कळ कमी. त्यानंतर झाड तोडायचं कुणी बोललं नाही. कौतुकानं नव्हे. माझ्या मते, लोकांना वाटायला लागलं की ती पंख हलवायला लागली की आपणही सावध व्हावं.

आणि वडिलांनी एक गोष्ट सुरू केली. पुढच्या उन्हाळ्यापासून, तापायला लागलं की, ते जेवून एक वाजता छत्री आणि काठी घेऊन बाहेर पडायचे. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक दारावर काठी आपटायची आणि विचारायचं, "जागं हाय न्हवं?" आतून उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नाही. उत्तर आलं नाही तर दार ढकलून आत जायचं. तीन वाजता पुन्हा एक फेरी.

लोक वैतागले. दुपारच्या झोपेतून उठवलेला कोल्हापुरी माणूस काय-काय बोलतो, ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. एका पैलवानानं तर त्यांना दम दिला, "आबा, आत्ता कुठं डोळा लागलाता की वो! परत आलासा तर बघा."

"लागला होता ना? उठलास ना? मग झालं," वडील म्हणाले. "पाणी पी आणि परत झोप."

तीन वाजता ते त्याच्या दाराशी पुन्हा गेलेच. दार आपटायच्या आधी आतूनच आवाज आला, "जागा हाय!"

हळूहळू गल्लीला त्याची सवय झाली. वडिलांना एका उन्हाळ्यात ताप आला तेव्हा कोपऱ्यावरची ती बाई, विहिरीवर भांडलेली, त्यांची काठी मागून घेऊन गेली आणि फेरी मारून आली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी ती दारातून विचारून थांबायची नाही, आत जाऊन माठातलं पाणी पेल्यात ओतून समोर धरायची.

मुलगी चार वर्षांची असताना मे महिन्यात मी माहेरी गेले होते. जेवणं झाली, मुलगी आईजवळ झोपली, आणि मी माजघरात पंचा अंगावर घेऊन आडवी झाले. आजऱ्याहून प्रवासानं दमून आले होते. गाढ झोप लागली. किती वेळ गेला कळलं नाही, डोक्याशी काठीचा ठोका पडला. मी दचकून उठले. वडील वाकून माझ्याकडं पाहत होते, घामानं निथळत.

"आबा, मी काय म्हातारी आहे?" मी खेकसले. "घरातलीसुद्धा उठवता?"

त्यांनी मी डोळे उघडलेत याची खात्री करून घेतली, छत्री उचलली आणि ते उन्हात बाहेर पडले. शेजारच्या दारावर काठीचा आवाज आला. मी थोडा वेळ रागातच बसून राहिले, मग उठून पाणी प्याले.